वेशी पाहिल्या, चौकट राहिली

खुशाल रामटेकेला त्या पाहुणचारातून मिळवायचं होतं ते फार नव्हतं. दोन उभ्या बाह्या, वर एक आडवं लाकूड, खाली उंबरठा आणि दोन पल्ले. सगळं आलापल्लीचं सागवान, गाठ नसलेलं. त्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर दोन पाहुण्यांना आठवडाभर जेवण आणि निजायला पलंग. जेवण बायकोच्या, म्हणजे रुखमाच्या हातचं, पलंग रुखमाच्या माहेरचा. तेव्हा खुशालच्या हिशेबाने हा सौदा फुकटातच पडत होता.

चंद्रपूरच्या तुकूमात नवी वस्ती पडत होती, तिथे त्याने घर बांधलं होतं. भिंती उठल्या, छपरावर कवेलू चढले, आत चूल पेटली. पण समोर दाराच्या जागी नुसतं भगदाड. त्यावर तरटाचा पडदा. वर्ष होत आलं तरी तोच. थर्मल वीजकेंद्राची राख, गल्लीतली कुत्री आणि उधारीवाले, तिघांनाही घर सारखंच मोकळं. कोणी विचारलं, "काऊन जी, चौकट नाई बसवली?" की खुशाल मान ताठ करायचा आणि म्हणायचा, "येऊन राह्यली ना. आलापल्लीहून." जणू नवरीच यायची होती.

पहिले दोन महिने गल्लीने ही गोष्ट आदराने ऐकली. पुढे पोरं रस्त्यातून ओरडू लागली, "खुशालकाका, आली का आलापल्ली?" समोर राहणाऱ्या बशीर मिस्त्रीने एकदा शेजारधर्म म्हणून विचारलं, "खुशालभाई, बोलो तो बिजा की लकडी का बनाके देता. मजबूत रहता." खुशालने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू राजाला कोणी ठिगळाचं धोतर नेसायला सांगितलं असावं.

ही चौकट त्याच्या डोक्यात बसवली होती सोमाजी दुर्गेने. खुशाल पूर्वी अहेरीच्या कचेरीत कारकून होता. तेव्हा आलापल्लीच्या एका आरागिरणीचा मुनीम सोमाजी आणि तिथला चहावाला लच्छू यांच्याशी त्याचं मैत्र जमलं. लच्छूच्या हॉटेलात भजी खाता खाता सोमाजी बोलून गेला, "तुमी घर बांधा खुशालभाऊ. चौकट माझ्याकडे लागली." खुशालने ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. बदलीच्या दिवशी निरोप घेताना तोही काहीतरी बोलला होता. पण आपलं बोललेलं कोण लक्षात ठेवतो?

तर मे महिन्याच्या भर उन्हात सोमाजी आणि लच्छू चारोळीची एक पुडी घेऊन हवापालटासाठी चंद्रपूरला उतरले.

"गडचिरोली जिल्हा झाला खरा," सोमाजी पलंगावर पाय पसरत म्हणाला, "पण तिथी पाहायले काय आहे? कलेक्टर! मोठं शहर म्हटलं का आमाले तुमचंच शहर."

पाहुणे जेवले, घोरले, बाजार हिंडले, सिनेमा पाहून आले. पलंगावर ते, त्यांच्याकडे तोंड करून टेबलफॅन, आणि राखण म्हणून तरटाच्या पडद्याला आडवा खुशाल, जमिनीवर. रोज सकाळी सोमाजी पडदा बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "वारा झकास येते जी तुमच्याकडे." चौकटीचं नाव मात्र काढायचा नाही.

खुशालही काढायचा नाही. आपल्या घरी जेवणाऱ्या पाहुण्याकडे काही मागायचं, म्हणजे त्याच्या ताटातली भाकर उचलून घ्यायची, हा त्याच्याकडचा रिवाज. शिवाय मागून मिळालं तर उपकार डोक्यावर बसतात. समोरच्याने आपणहून दिलं तर तो निव्वळ नफा. तेव्हा सोमाजीला आपणहून आठवावं, एवढीच व्यवस्था करायची होती.

शेवटच्या दिवशी सकाळी रुखमाने चुलीपाशी विचारलं, "अजी, आज जाऊन राह्यले ते. आज तरी विचारता, का मी विचारू?"

"तू गप राय. आज त्यायले असं शहर दाखवतो, का सोमाजीच्याच तोंडून निघन."

"असं काय दाखवता?"

"दरवाजे."

रुखमाने तरटाकडे पाहिलं. "दाखवा. आपल्याकडला सोडून सगळे दाखवा."

मग तिने शिदोरी बांधली आणि पाहुण्यांना म्हणाली, "पिशव्या संगच न्या जी. संध्याकाळी तिकडूनच गाडीवर जा. एवढ्या उन्हात पुन्हा घरचा फेरा काऊन?" वहिनीला आपली किती काळजी, असं म्हणत पाहुण्यांनी पिशव्या उचलल्या. खुशालने ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला आणि तिघे निघाले.

पहिला मान जटपुरा गेटचा. खाली मोटारींची गर्दी, वर दगडात कोरलेला हत्ती आणि त्यावर चढलेला सिंह. खुशालने हात उंचावला. "पाहा सोमाजीभाऊ. शहर वसवायचं तर गोंडराजाले पहिले काय लागलं? दरवाजा!"

सोमाजीने बघितलं, मान डोलावली. लच्छूला हत्तीची दया आली. "आमच्या कमलापूरले हत्ती दिवसभर लाकूड ओढते. इथी तर सिंह त्याच्यावरच बसून राह्यला. साहेब असन!"

तिथून बिनबा गेट. ऊन आता डोक्यावर हात ठेवून उभं होतं. खुशालने इशारा थोडा जाड केला.

"चौकट म्हणजे घराचं तोंड, सोमाजीभाऊ."

"खरं आहे."

"आता तोंड आहे, पण त्याच्यात दातच नाई, तर माणसानं काय करावं?"

"पातळ खावं," लच्छू म्हणाला.

बाजाराच्या तोंडाशी तिघांनी उसाचा रस घेतला. लच्छूने हळूच विचारलं, थर्मलच्या त्या उंच चिमण्या जवळून पाहता येतील का. गावी सांगायला बरं पडेल. "त्याच्यात काय आहे? धूर!" खुशाल म्हणाला आणि त्यांना अंचलेश्वर गेटकडे घेऊन गेला. सोमाजीला मुलीसाठी नायलॉनची साडी पाहायची होती. "साडी फाटते, दरवाजा टिकते," म्हणत खुशालने वेशीचा दगड थोपटला. तो दगड इतका तापला होता की त्याला हात झटकून फुंकावा लागला. पण त्याने तेही पाहुण्यांना चौकटीचं महत्त्व पटवण्याच्या कामी लावलं.

पठाणपुऱ्याच्या वाटेवर पाहुणे दोन पावलं मागे पडले. लच्छूचा आवाज दबका होता, पण चहावाल्याचा दबका आवाजही चार बाकांपर्यंत जातो.

"मुनीमजी, याले ऊन लागलं का जी? सकाळपासून दरवाजेच दाखवून राह्यला."

"चूप. घरी नसलं का माणूस बाहेर पाहते."

खुशालच्या कानांनी हे वाक्य टिपलं आणि त्याच्या छातीत ढोल वाजला. घरी नाही हे सोमाजीच्या ध्यानात आलं होतं तर! आता एकच ढकल हवी होती.

ती त्याला द्यावीच लागली नाही. पठाणपुरा गेटच्या सावलीत सोमाजी बसला, दुपट्ट्याने मान पुसली आणि आपणहून म्हणाला, "खुशालभाऊ, एक गोष्ट माझ्या लक्षात आली."

"बोला ना," खुशाल म्हणाला.

"चार दरवाजे पाह्यले आपण. एक तरी लावलेला दिसला का?"

"नाई."

"रात्री लावते कोणी?"

"आता कोण लावन?"

"तेच म्हणतो मी!" सोमाजीने मांडीवर थाप मारली. "एवढा मोठा राजा गेला, दरवाजे उघडेच राह्यले. ट्रक जाते, म्हैस जाते, कोणाचं काई अडलं नाई. मग दाराचं एवढं काय घेऊन बसायचं? तुमी शहाणे. तुमी घराले दारच नाई ठेवलं! मी पहिल्याच दिवशी लच्छूले म्हटलं, असं घर ठेवायले मन मोठं पाहिजे."

"बागुंदी, बागुंदी," लच्छूने आपल्या सिरोंचाच्या तेलुगूत शाबासकी दिली.

खुशाल हसला. ऊन लागलेला माणूस हसतो, तसं.

बसस्थानकात आलापल्लीची गाडी लागली. पाहुण्यांनी खिडकीतून पिशव्या आत टाकून जागा धरली आणि चढून बसले. आता पाहुणे घरी नव्हते, ताटावर नव्हते. रिवाजाची मुदत संपली होती. खुशालने घाम पुसला आणि तोंड उघडलं.

"सोमाजीभाऊ, ते चौकटीचं..."

"कोणती चौकट?"

"तुमी म्हटलं होतं ना. लच्छूच्या हॉटेलात. तुमी घर बांधा, चौकट माझ्याकडे लागली."

सोमाजीने लच्छूकडे पाहिलं, लच्छूने सोमाजीकडे, आणि दोघे असे हसले की पुढच्या बाकावरचं पोर दचकून रडू लागलं.

"अरे बाप रे! ते तुमी खरं धरून बसले? आमच्याकडे ते असंच म्हणतात जी! जंगलातला माणूस अजून काय म्हणन? कोणाले पोरगं झालं, म्हण पाळणा माझ्याकडे. कोणाचं लग्न जमलं, म्हण पलंग माझ्याकडे. मी तर आजवर अर्ध्या तालुक्याले चौकटी देऊन बसलो. एकानंही मागितली नाई."

"मले तर मुनीमजीनं अख्खं हॉटेल दिलं सागवानाचं," लच्छू म्हणाला. "अजून बांबूच्या तट्ट्यातच बसून राह्यलो."

"मंग तुमी वर्षभर माझी वाट पाहून राह्यले का?" सोमाजीने विचारलं. आवाजात कौतुक होतं, तेच जास्त झोंबलं.

"नाई नाई," खुशाल घाईने म्हणाला. "मी आपलं असंच."

"हां, तुमचं काम बाकी पक्कं. तुमी म्हटलं होतं, या कधी चंद्रपूरले, घर तुमचंच आहे. आणि ठेवलं ना शब्दाप्रमाणं! शहरच्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द." सोमाजीने खिडकीतून हात बाहेर काढून खुशालचा खांदा दाबला. "त्याच भरोशावर एक सांगतो. माझा भाचा आहे, झिंगू. जूनपासून आयटीआयले येते इथी. दोन वर्षांचंच काम आहे. तुमच्याकडेच पाठवतो. दार नाई म्हणजे पोराले किल्ली मागायचंही काम नाई. अडीअडचणीले तोच राखण करन."

'मीही ते असंच म्हटलं होतं,' हे वाक्य खुशालच्या घशापर्यंत आलं. पण शहरच्या माणसाचा शब्द नुकताच एवढा उंच नेऊन ठेवला होता की तिथून तो उतरवायचा कसा? "पाठवा ना," तो म्हणाला. "घर त्याचंच आहे."

गाडी गेली. तुकूमाकडे चालताना खुशाल मनात वाक्यं जुळवत होता. चौकट येत नाही, हे रुखमाला आधी सांगावं, की झिंगू येतो आहे, हे आधी? दोन्ही वाक्यं कोणत्याही क्रमाने लावली तरी जेवणाआधी बोलण्यासारखी होत नव्हती.

गल्लीत वळला तर त्याला स्वतःचं घरच सापडेना. तरटाचा पडदा दिसत नव्हता. त्या जागी दार होतं. चौकटीसह, दोन पल्ल्यांचं, आतून कडी लावलेलं. वरची उरलेली जागा विटांनी बुजवलेली, माती अजून ओली. बशीर मिस्त्री रंधा पिशवीत टाकत होता. त्याने खुशालकडे न पाहताच सलाम केला आणि काखेत काहीतरी मारून घरी गेला.

खुशालने आपल्याच घराचं दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोण होय?" आतून रुखमा.

"मी."

"मी कोण?"

"अवं, मी! उघड!"

कडी निघाली. खुशाल सवयीने ताठ मानेने आत शिरला आणि आडव्या लाकडावर त्याचं कपाळ दाणकन आपटलं.

"वाका जी जरासे," रुखमा म्हणाली. "पलंगाच्या बाजू जेवढ्या लांब, तेवढंच दार उंच होणार. बशीरभाऊ तरी काय करन?"

कपाळ चोळत खुशालने दाराकडे नीट पाहिलं. पल्ल्यावर कमळ होतं, आडवं झालेलं. लग्नापासून ज्या कमळाखाली त्याची उशी होती, तेच. आतल्या खोलीत पलंगाच्या जागी मोकळी जमीन, नुकतीच झाडलेली.

"तुझ्या माहेरचा पलंग मोडला?"

"मंग? वर्षभर लोकायले सांगून राह्यले ना, आलापल्लीहून येते म्हणून? माझ्या बापानं हे लाकूड आलापल्लीहूनच आणलं होतं. येऊन पंधरा वर्षं झाली, तुमी त्याच्यावर लोळून राह्यले." तिने पदराने कमळावरचा भुसा पुसला. पुसताना हात जरा रेंगाळला. "सोमाजीभाऊ काय म्हणाले?"

खुशालने सांगून टाकलं. आधी चौकट, मग झिंगू. रुखमाने सगळं ऐकून घेतलं, पण ती चिडली नाही. तेच त्याला जड गेलं.

"येऊ द्या ना झिंगूले," ती म्हणाली. "पलंगावर झोपवा." आणि तिने दाराकडे बोट केलं.

तर या सहलीत कोणाचं काय गेलं? सोमाजीची चारोळीची एक पुडी. लच्छूच्या चपलेचा तळवा, पठाणपुऱ्याच्या रस्त्यावर. बशीरचा एक दिवस गेला, पण मजुरीत त्याने पलंगाचे चार नक्षीदार पाय काखेत मारून नेले. खुशालचं गेलं म्हणावं असं काहीच नाही. उलट कपाळावर टेंगूळ आलं आणि निजायला तीच जमीन राहिली, आता पाहुणे नसतानाही. बाकी सगळं भरलं ते रुखमाने, आठवडाभराच्या भाकरींपासून बापाच्या पलंगापर्यंत. फक्त दाराला लावायच्या, बशीरनेच आणून दिलेल्या नव्या कुलुपाची किल्ली तिने स्वतःच्या कमरेला खोचली होती, आणि दुसरी किल्ली बशीरभाऊने दिलीच नाही, असं ती सांगत होती.