पहिल्या बोटाची हमाली

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे ताईंनी, गिटार घरी आणली तेव्हा कुणी विरोध केला नाही. आमच्याकडे विरोध करण्याआधी हसून घेतात. भावोजी म्हणाले, "वाजव हो, शेजारी फार सुखात आहेत." सासूबाईंनी एवढंच विचारलं, की ती ठेवणार कुठे.

ताई मात्र शिकल्या. अडल्या त्या एफ कॉर्डपाशी, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या एका जुडग्यापाशी. त्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं आणि पुढचं काम उरलेल्या बोटांनी करायचं. ताईंनी दातओठ खाऊन दाबलं, मागून अंगठा रेटला. आवाज आला ओल्या पुठ्ठ्यावर चापट मारल्यासारखा.

येत्या शनिवारी गिटारच्या वर्गाचा कार्यक्रम होता. सर ताईंच्या परगावी असलेल्या मुलाच्या वयाचे. प्रेमानंच म्हणाले, "काकू, एफ आला की नुसता हात हलवा. एवढ्या गिटारींत कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ताई म्हणाल्या, आणि घरी येऊन दार आपटलं. या घरात दार आपटायचा मान तोवर पुरुषांकडेच होता.

शुक्रवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत त्यांच्याजवळ बसले होते. त्या एकेक तार छेडून बघत होत्या, कुठली मुकी राहते ते. मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही. पण कोण राबतं आणि कोण राबल्याचा आव आणतं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

"ताई, मधल्या तीन तारा बाकीच्या बोटांनी धरल्यात की. मग पहिलं तिथं कशाला मरतंय?"

ताई बोटाकडे बघत राहिल्या. "अगंबाई! सवय, दुसरं काय."

त्यांनी बोट मध्ये सैल सोडलं आणि जरासं कुशीवर वळवलं. टोक जाड तारेवर, बुडखा बारीक दोन तारांवर. कोपर अंगाशी घेतलं, अंगठ्याचा रेटा काढला. एकेक तार बोलू लागली. शेवटची तेवढी कुरकुरत होती.

आतून भावोजी ओरडले, "अगं, माझ्या निळ्या शर्टाला उद्यासाठी इस्त्री केलीस का?"

"शर्ट कपाटात, इस्त्री टेबलावर."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा हात कामात आहे."

आत कपाटाचं दार करकरलं. सासूबाईंची जपमाळ क्षणभर थबकली असावी.

शनिवारी पहिला एफ फाटकाच लागला. सरांनी डोळ्यांनी खुणावलं, नुसता हात हलवा. ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि पुढचा एफ दुप्पट जोरात मारला. खणखणीत! शेजारची मुलगी दचकली. मग गाणं संपेपर्यंत ताईंनी एकही एफ सोडला नाही. एकदा तर नको तिथंही वाजवला. चुरगळलेल्या निळ्या शर्टातले भावोजी शेजारच्या खुर्चीला सांगत होते, "तो मोठा आवाज आहे ना, तो आमच्या घरातला."

घरी आल्यावर भावोजींनी सवयीनं विचारलं, "जेवायला काय आहे?"

ताईंनी लालभडक झालेलं पहिलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे आज सुट्टीवर आहे. बाकीची चार आहेत ना घरात?"

मी खुशीत मोजलं. भावोजी, आमचे हे, सासूबाई... चौथं कोण, ते ताई माझ्याकडे बघून हसल्या तेव्हा कळलं.