सिंहाच्या तोंडातला वायसर

"पाणी कमरेपर्यंत आलं," प्रियांकानं सांगितलं, आणि पेडगावातल्या त्या कोरड्या ठणठणीत ओसरीवर बसलेल्या दोन्ही शिक्षकांनी खरंच पाय वर घेतले.

खेळच तसा. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रियांका गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार आणि आपलं माणूस आता काय करतं ते बोलणार. जमेल की नाही असा वाद पडला तर फासा टाकायचा. शाळेतली ही मंडळी दर रविवारी जमायची. आज परमेश्वर सर सासुरवाडीला चारठाण्याला गेलेले, म्हणून त्यांच्या जागी प्रियांकानं आपल्या सासऱ्यांना, दत्तरावांना बसवलं. नुसते फासे टाका मामा, एवढंच म्हणाली.

दत्तराव बसले. एकतीस वर्षं तालुक्यातले हातपंप दुरुस्त केलेला माणूस. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, आणि हातासोबत अक्कलही गेली असं घरादारानं परस्पर ठरवून टाकलं. मोटार कोणती घ्यायची, नळ कुठं बसवायचा, काही म्हणून त्यांना कुणी विचारीना. जेवलात का, गोळी घेतली का, बस्स. जित्या माणसाला याहून वाईट काय असतं हो?

तर गोष्टीतल्या तळघरात तिघं अडकलेले. भिंतीतल्या दगडी सिंहाच्या तोंडातून पाणी कोसळतंय आणि बंद दारावर कोडं कोरलेलं. ते कोडं प्रियांकानं पंधरा दिवस खपून रचलं होतं. राजेश्री मॅडम आणि महारुद्र सर त्यावर अशी डोकेफोड करत होते की विचारू नका. पाणी छातीला लागलं.

"त्या सिंहाचं तोंड केवढं हाय?" दत्तरावांनी विचारलं.

प्रियांका गडबडली. हे तिच्या वहीत नव्हतं. नारळाएवढं, ती अंदाजानं म्हणाली. महारुद्र सरांनी कोड्याची घाई केली, पण म्हातारा हटेना. कुणाकडं चामडं हाय का, लांब दांडा हाय का, एकेक चौकशी. मॅडमच्या माणसाकडं पखाल निघाली, सरांच्याकडं भाला.

मग दत्तरावांनी सांगितलं. पखालीचं चामडं कापायचं, त्याची वाटी करायची, भाल्याच्या बुडानं सिंहाच्या तोंडात घालायची. "वाटीचं तोंड पान्याकडं ठेवा. समदे चुकतेत ते तितंच. पानी जितका जोर करंल, तितकी वाटी फुगून कडंला घट्ट बसंल. हातपंपातला चामड्याचा वायसर दुसरं काय करतो? भाला समोरच्या भिंतीला टेकवून पाचर ठोका. मंग कोडं सोडवा निवांत, चहा पीत."

प्रियांकानं वहीतलं कोड्याचं पान पाहिलं. नाही म्हणायला तिला एक शब्द पुरला असता; खेळात तिचाच हुकूम. दत्तरावांना ते कळत होतं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. आता हीसुद्धा "राहू द्या मामा" म्हणाली तर उठून आत जायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

राजेश्री मॅडमनी फासा पुढं केला. प्रियांकानं तो बाजूला ठेवला.

"याला फासा नको. वाटी बसली," ती म्हणाली. "पण पाचर लय जोरात ठोकावी लागंल, मामा. कोण ठोकतंय?"

"मी," दत्तराव म्हणाले. "उजव्या हातानं."

प्रियांकानं ते तसंच वहीत लिहून घेतलं.