भिंतीवरचे ४९५

मी खालच्या, सपाटीवरच्या सांता क्रूसचा. बदली होऊन वर, डोंगरातल्या ला पाझच्या शाळेत आलो, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या भारमापकाचा काटा ४९५ वर होता. आमच्याकडे सव्वासातशेच्या खाली कधी बघितला नव्हता. म्हटलं, मेलंय हे यंत्र, आणि त्याच्यावर टोपी अडकवायला लागलो. रसायनाचा मास्तर मी, आणि मला एवढं सुचू नये.

प्रात्यक्षिक परीक्षेला अ‍ॅसिटोन होतं. चंबूत थोडं घालायचं, तोंडाला टाचणीचं भोक पाडलेली पन्नी लावून चंबू गरम पाण्यात धरायचा. सगळ्याची वाफ झाली की गार करून वजन घ्यायचं आणि हवेचा दाब धरून वाफ हायड्रोजनच्या किती पट जड ते काढायचं. उत्तर एकोणतीस.

बेनिता आपासा माझ्या टेबलाशी आली. "प्रोफे, हवेचा दाब भिंतीवरच्या यंत्राचा घेऊ?"

"ते बंद पडलंय. पुस्तकातले ७६० घे."

"पण प्रोफे, इथं वर..."

"मास्तर तू की मी?"

वर्ग हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सगळ्यांचे एकोणतीस आले, तिचे एकोणीस. बाकीच्यांनी आधी उत्तर लिहून मग वजनं जुळवली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तिला नापास केलं. विद्यापीठातली बिनफीची जागा तिची ठरली होती, फक्त प्रात्यक्षिक सुटायला हवं होतं. ती जागा गेली.

सहा महिन्यांनी यंत्र दुरुस्तीला आलेल्या माणसानं माझी टोपी काढून माझ्याच हातात दिली. "याला काय धाड भरलीय? इथं हवाच विरळ. तुम्हा खालच्या लोकांना जिना चढताना धाप लागते, ती काय उगीच?"

मी कपाट उपसून बेनिताचा पेपर काढला आणि पहिल्यांदाच उलटला. मागे बारीक अक्षरात होतं: '४९५ घेतले तर २९ येतात. प्रोफेंनी ७६० सांगितले म्हणून पुढच्या बाजूला १९ लिहिले.'

तसाच तिच्या घरी गेलो. आई उन्हात वाळके बटाटे निवडत होती. पोरगी परदेशात, ब्वेनोस आइरेसला, कपडे शिवायच्या कारखान्यात. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे तिचं चुकलं नव्हतं?"

"नाही."

तिचे हात थांबले. "मग तिला पत्र तुम्हीच लिहा, प्रोफे. ती निघाली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, साधं पास व्हायचीही अक्कल नाही तुला."