शिंकेने वाचलेला

रंगारी घराबाहेर पडत होता, तोच आतून बायको शिंकली. "बसा जरा, पाणी प्या," ती म्हणाली. असल्या गोष्टी तो फार मानायचा. मुकाट्याने बसला, पाणी प्यायला आणि मग सावकाश कामावर गेला.

पोचतो तर रंगकामासाठी इमारतीला बांधलेली बांबूंची परांची कोसळलेली. त्याची वाट बघून कंटाळलेला कामातला जोडीदार एकटाच वर चढला होता. तो जागीच गेला.

"बायकोच्या शिंकेने वाचलास, नशीबवान गड्या!" जो तो म्हणू लागला. रंगारीही तेच सांगत सुटला. सांगताना अंगावर काटा यायचा आणि मनातून थोडं बरंही वाटायचं.

पुढे एकदा तो जोडीदाराच्या घरी गेला. बोलता बोलता तिथेही शिंकेची गोष्ट तोंडून निघून गेली. जोडीदाराच्या बायकोने ती शांतपणे ऐकून घेतली.

"भाऊजी, त्या दिवशी आमच्याकडे कुणीच शिंकलं नाही. रोज आठवून बघते. मला साधी एक शिंक येऊ नये का हो?"

रंगारी म्हणाला,

"वहिनी, शिंकेचं काही नाही. परांचीचे दोर कुजले होते. आम्ही दोघांनी मुकादमाला बजावलं होतं, त्याने बदलले नाहीत."

तिने डोळे पुसले. "मग हे सांगा ना लोकांना."

त्या दिवसापासून तो कुजलेल्या दोरांबद्दलच बोलू लागला. मुकादमाने त्याला कामावरून काढलं. लोकांनाही ती गोष्ट शिंकेइतकी आवडली नाही. तरी तो सांगतच राहिला.