उजव्या गालावरची खळी

मी आरसा बोलतोय. दचकू नका. आजवर तुम्हीच माझ्यासमोर उभे राहून बडबडलात, दात विचकलेत, पुटकुळ्या फोडल्यात आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आज माझी पाळी. सगळं सांगून झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही, कारण मुळातच हट्टी आहे. हट्टी नसतो तर केव्हाच फुटून कचऱ्यात गेलो असतो.

माझा जन्म काचवाल्याच्या दुकानातला. एका मोठ्या कपाटाच्या दाराला आरसा कापला, त्यातून उरलेला तुकडा म्हणजे मी. हातभर रुंद आणि दीड वीत उंच. असल्या आडव्या तुकड्याचं करायचं काय म्हणून काचवाला मला फेकणारच होता, तेवढ्यात एक न्हावी आला आणि मला उचलून घेऊन गेला. मागे लाकडी पाय लावला आणि मी कामाला लागलो.

न्हाव्याकडे सात वर्षं काढली. माणूस म्हणजे काय चीज आहे ते तिथे शिकलो. अर्धी हजामत झाली की जो तो मनात म्हणतो, संपलं, वाटोळं झालं. पूर्ण झाली की मानेला हेलकावे देत बघतो आणि स्वतःवरच खूष होतो. एकदा एक गिऱ्हाईक आपला फोटो घेऊन भांडायला आलं. फोटोत भांग एका बाजूला, माझ्यात दुसऱ्या बाजूला, तेव्हा आरसा खोटा आहे म्हणे. न्हाव्याने शांतपणे सांगितलं, आरसा फक्त बाजू बदलतो, बाकी काही बदलत नाही. ही माझी जन्माची खोड आहे. लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग एक दिवस बाटली घसरून माझ्यावर पडली आणि कोपऱ्याला तडा गेला. सात वर्षांची चाकरी, पण तडा गेलेला आरसा गिऱ्हाइकाला आवडत नाही. मी भंगारवाल्याकडे गेलो. तिथे वर्षभर पालथा पडून होतो, पाठीवर तीन पंखे आणि एक मोडकी सायकल. तेव्हाच ठरवलं होतं, कुणी उलटं केलं तर पुन्हा असं मुकाट पडून राहायचं नाही. काय गंमत असते बघा, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस मला कुणीतरी उलटं केल्यामुळेच आला.

तिथून मला एका स्टुडिओच्या मास्तरांनी नेलं. दुसऱ्या मजल्यावरची लांबोडकी खोली, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलात काच आणि काचेखाली दिवा. तिथे अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीच्या हलत्या चित्रांच्या, मालिका काढायचे, त्याही हाताने, कागदावर. आता तिथे आरशाचं काय काम? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण चित्रातल्या माणसाला राग आणायचा, तर काढणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडावर राग आणून बघावा लागतो. भुवया कुठे जातात, ओठ किती दुमडतात, सगळं. चांगली शिकलीसवरलेली माणसं दिवसभर माझ्यापुढे तोंडं वेंगाडत बसायची.

मला मिळालं कोपऱ्यातलं टेबल. डावीकडे ती, उजवीकडे तो, मधे मी. स्टुडिओत तिला खोडरबर म्हणत, कारण मनासारखी रेघ येईपर्यंत ती कागद झिजवायची. त्याला कासव म्हणत. त्याचं कारण सांगायला नको.

ती मुख्य चित्रं काढायची, म्हणजे हालचालीचं पहिलं आणि शेवटचं. मधली सगळी तो काढायचा. मान वळायच्या आधीचं आणि वळल्यानंतरचं चित्र तिने दिलं, की मान वळते कशी ते वीस-बावीस कागदांवर त्याने दाखवायचं. असं काम करणाऱ्या दोघांचं सूत जुळायला हवं. यांचा होता छत्तीसचा आकडा. आदल्या मालिकेत तिने काढलेलं एक बोट याने न विचारता ‘जरासं नीट’ केलं होतं. तिने अख्खा गठ्ठा परत पाठवला, वर चिठ्ठी लावून, की मधल्याने मधलंच बघावं. तेव्हापासून वर्षभर अबोला. बोललेच तर अहो-जाहो, तेही एखाद्या कचेरीला अर्ज करावा तसं.

आणि मास्तरांनी दोघांना एका टेबलावर बसवून काढायला काय दिलं? प्रेमकथा! घरच्यांची भुणभुण थांबावी म्हणून एक मुलगा आणि एक मुलगी खोटंच लग्न ठरवतात. एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसते, आणि बारा भागांत हळूहळू खरोखर प्रेमात पडतात. तिचं म्हणणं, असं कुणी पडत नसतं. त्याचं म्हणणं, अजिबात पडत नसतं. तेवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

पहिला महिना माझ्यावरून भांडण्यात गेला. ती मला आपल्याकडे वळवायची, तो आपल्याकडे. शेवटी तिने टेबलावर पेन्सिलीने रेघ मारली आणि ठणकावलं, आरसा या रेघेच्या पलीकडे जायचा नाही. रेघ तिच्या बाजूला चांगली चार बोटं आत होती. दुसऱ्या दिवशी तो लवकर आला, रेघ खोडली आणि एक बोट आपल्याकडे सरकवून मारली. मला वाटलं, झालं, आता महाभारत. पण तिसऱ्या दिवशी ती लवकर आली, आणि तिनेही रेघ खोडून आणखी एक बोट त्याच्याकडे सरकवली! असं करत करत दोघांनी मिळून मला बरोबर मधोमध आणलं, आणि ताकास तूर लागू दिली नाही. मी रुंद असल्यामुळे मधोमध ठेवलं की दोघांची तोंडं माझ्यात मावायची.

आता दोघांचा हट्ट असा की एकमेकांकडे मान वळवून बघायचं नाही. मग बघायचं कुठे? माझ्यात.

चौथ्या भागात नायिकेच्या आईचा थयथयाट होता. त्यासाठी तो माझ्यापुढे ओठ काढून, डोळे वटारून, गाल थरथरवत बसला होता. शेजारी तिने हसू दाबलं. तिने हसू दाबलं की डाव्या गालावर एक खळी पडते, बोट टेकवल्यासारखी. त्याने ती माझ्यात पाहिली आणि पुढची दहा मिनिटं त्याची पेन्सिल हलली नाही. त्या दिवसापासून आई, काका, शेजारी, पोस्टमन, सगळ्यांची तोंडं तो गरजेपेक्षा जास्त वेळ वेंगाडायला लागला. आणि ती? तो जेवायला उठला की ती माझ्यातून त्याची रिकामी खुर्ची बघायची. मला दोघांचा इतका राग यायचा! अरे, शेजारी बसलाय ना माणूस? वळवा की मान! पण सांगतो कुणाला. मी एवढंच ठरवलं की आपण जागचं हलायचं नाही. माझ्या पायाचा स्क्रू ढिला झाला होता, रोज थोडा थोडा घसरायचो. त्याने खाली खोडरबराचा तुकडा सारला आणि मी त्याच्यावर टाच रोवून उभा राहिलो.

अकरावा भाग संपला त्याच सुमाराला त्याला पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्टुडिओत नोकरी. मालिका शनिवारी द्यायची होती आणि सोमवारी त्याची गाडी. तिला तो बोलला नाही. सांगितलं ते मावशींनी. मावशी म्हणजे तपासणीवाल्या, प्रत्येक चित्र त्यांच्या हाताखालून जायचं, आणि प्रत्येक बातमीही. ती म्हणाली, बरं झालं, आरसा एकटीला मिळेल. मावशी गेल्यावर मात्र ती माझ्याकडे बघत बसली. मी न्हाव्याकडे सात वर्षं तोंडं पाहिली आहेत, पण इतकं पडलेलं तोंड मी कुणाचं पाहिलं नव्हतं.

राहिलं होतं शेवटचं दृश्य. नायिका पहिल्यांदाच नायकाकडे प्रेमाने बघते, बस, एवढंच. तिने तीन वेळा काढलं आणि मास्तरांनी तीन वेळा परत पाठवलं. ते म्हणायचे, बघतेय खरी, पण प्रेमात पडलेली नाही. हे दृश्य उभं राहिलं नाही तर आधीचे अकरा भाग पाण्यात. ती हट्टाला पेटली. दिवसभर माझ्यापुढे डोळे मोठे करून, बारीक करून, मान तिरकी करून बघितलं. सगळं खोटं. मला कळत होतं, तिलाही कळत होतं. शेवटी चौथ्यांदा काढलेली मुख्य चित्रं तिने त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, घ्या, यात मधलं काय भरायचं ते भरा.

बुधवारी सकाळी मावशींनी त्याचा गठ्ठा चाळला. चाळता चाळता थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा चाळला आणि मास्तरांना हाक मारली. बावीस कागद होते. सहाव्या कागदापासून नायिकेच्या गालावर एक खळी उमटत होती आणि विसाव्याला पुसत होती. नायिकेला खळी नव्हतीच! मालिकेच्या मूळ नमुन्यात, म्हणजे तिचा चेहरा ठरवून दिलेल्या चित्रात नाही, अकरा भागांत कुठे नाही.

मास्तर म्हणाले, “ही खळी कुठून आली?”

तो मान खाली घालून उभा. मावशींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मग चित्र पुन्हा निरखून त्या जरा हिरमुसल्याच. म्हणाल्या, “मला वाटलं होतं हिचीच. पण हिची डाव्या गालावर आहे. ही तर उजव्या गालावर.”

त्या खोलीत खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. त्याला, मला आणि त्या क्षणापासून तिला. तिची खळी उजवीकडे दिसते ती फक्त माझ्यात. ज्याने तिला कधी समोरून पाहिलंच नाही आणि माझ्यातून मात्र महिनोन्‌महिने पाहिलंय, तोच ती उजवीकडे काढणार.

तो पुटपुटला की चूक झाली, खोडून देतो. मास्तर म्हणाले, खोडाच. गठ्ठा उचलायला त्याने हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात कागदांवर ठेवला.

“खळी राहू द्या, मास्तर,” ती म्हणाली. “अकरा भागांत ती एकदा तरी मनापासून हसलीय का? मग खळी दिसणार कुठून? मूळ नमुन्यात मी घालते. फक्त बाजू चुकलीय.”

मास्तरांनी कागद पुन्हा एकदा सरसर चाळून बघितले. मग म्हणाले, “चालेल.” मास्तरांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

मग ती त्याच्याकडे वळली. मान पूर्ण वळवून, सगळ्यांदेखत. आणि वर्षभराचं अहो-जाहो बाजूला ठेवून म्हणाली, “आरशात बघून काढलीस ना? आता समोर बघून काढ.”

आणि तिने मला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

तीन दिवस! समोर भिंत, एक खिळा आणि रंगाचा एक पोपडा. जे बघण्यासाठी इतके महिने ढिल्या पायावर तग धरला, ते नेमकं माझ्या पाठीमागे चाललेलं. पण खरं सांगू? एकदाही कुरकुरलो नाही. कान लावून बसलो. पेन्सिल चालायची, थांबायची, पुन्हा चालायची.

“खळी दिसत नाहीये,” एकदा त्याचा आवाज आला.

“मग हसव,” ती म्हणाली.

त्याने काय तोंड केलं ते मला दिसलं नाही, पण ती इतकी हसली की मावशी पलीकडून ओरडल्या, इथे कामं चालली आहेत म्हणून. शुक्रवारी दुपारी कागद फाडल्याचा आवाज आला. चित्राचा कागद त्या स्टुडिओत कुणी फाडत नाही, खोडतात. ते पत्र होतं. शनिवारी भाग वेळेवर गेला आणि सोमवारची गाडी त्याला न घेता गेली.

आज मी त्या दोघांच्या घरी आहे, बेसिनच्या वर. मास्तरांनीच मला देऊन टाकलं, म्हणाले, हा आता आमच्या कामाचा राहिला नाही, तुम्ही कुठे त्यात बघता! कोपऱ्यातला तडा बोटभर वाढलाय, कडेने पारा उडतोय, मधे मधे काळे डाग पडलेत. सकाळी दोघं एकदम दात घासतात आणि जागेसाठी कोपराने ढकलाढकली करतात. मला काढून नवीन लावायचा विषय दोनदा निघाला होता. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. अजून दोन तोंडं माझ्यात मावतात. ती मावतात तोवर मी खिळा सोडणार नाही, हा माझा शब्द.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्याही शेजारी कुणी बसत असेल, ज्याच्याकडे तुम्ही काचेतून, चोरून बघत असाल आणि विचारलं तर नाही म्हणत असाल, तर एकदा मान वळवा. माझी अडचण होत असेल तर मला खुशाल भिंतीकडे फिरवा. मला सवय आहे.