आंब्याचा जामीन

त्या उन्हाळ्यात लातुरात ज्याच्या घरामागं हातभर मोकळी जागा होती, त्याला चैन पडेना. दहावीची परीक्षा झाली की नांदेडपासून देवणीपर्यंतची पोरं गाद्या-बादल्या घेऊन शिकवण्यांसाठी लातूर गाठत, आणि त्यांना राहायला खोल्या पुरत नसत. गल्लीत कुणी गोठा पाडला, कुणी न्हाणीघर सरकवलं. शेजारच्या व्यंकटरावांनी तर तुळशीवृंदावनसुद्धा उचलून गच्चीवर नेलं. मग शेषेराव मास्तरांनीच तेवढी झाडं राखत का बसावं?

"चार खोल्या. जूनच्या आत," मास्तरांनी घरात जाहीर केलं. वर पत्रे टाकायचे हे बोलायची गरजच नव्हती. भूकंपापासून त्या घरात स्लॅबचं नाव कुणी काढत नसे.

मास्तरांच्या आईला, केवळाबाईंना, खोल्यांचं वावडं नव्हतं. पोरं आली तर घर गजबजेल, आणि दोन चांगल्या गोष्टी सांगायला माणसं मिळतील, एवढंच त्यांचं गणित. पण महादेवप्पा मिस्त्रीने परसात दोरी ताणली, आणि दुसऱ्या खोलीच्या मधोमध आंबा आला. म्हातारीचा जीव खालीवर व्हायला लागला.

"काय ठेवायचं, काय काढायचं, एकदाच ठरवा. उगं मागनं चालढकल नको," मिस्त्री म्हणाला.

त्यावर सून, शिवकन्या, चुन्याचा डबा नि कुंचा घेऊन निघाली. जे जायचं त्यावर फुली. पेरूवर फुली, कारण पोरं अभ्यास सोडून त्याच्यावरच चढून बसतील. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वावटळीत फांदी पत्र्यावर यायची, म्हणून त्यावरही फुली. कडीपत्त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, अख्ख्या गल्लीच्या फोडण्या त्याच्यावर चालत. लिंबोणी कोपऱ्यात होती, ती आपसूक वाचली. जास्वंद पुढच्या दारी हलवायची ठरली. मग शिवकन्या आंब्यापाशी गेली. क्षणभरही न थांबता तिने भली मोठी फुली मारली आणि कुंचा झटकून चहा टाकायला आत गेली.

केवळाबाई त्या फुलीकडं बघत पायरीवर बसून राहिल्या.

तो आंबा शिवकन्येच्या माहेरचा होता. तिचे वडील किल्लारीचे. दर उन्हाळ्याला लेकीच्या सासरी आंब्याची पाटी घेऊन यायचे. बडीशेपेच्या वासाचा त्यांचा शेप्या आंबा असा गोड, की केवळाबाईंसारखी खोडीलसुद्धा व्याह्यांत खोट काढायचं विसरे. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ते असेच आले. केवळाबाईंनी एक आंबा चोखला आणि कोय परसात, उकिरड्याच्या कडेला रोवली. पावसात कोंब आला. गणपती बोळवले त्याच रात्री, पहाटेच्या सुमाराला भूकंप झाला नि किल्लारीत शिवकन्येचं घर माणसांसकट बसलं. पुढं नवं गाव वसवायला जमिनी गेल्या, त्यात बांधावरचं शेप्याचं झाडही गेलं. त्या माहेराचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच.

शिवकन्या त्याविषयी अकरा वर्षांत अवाक्षर बोलली नव्हती. आणि झाड तरी कसलं गुणाचं! अकरा वर्षं नुसतं पाणी पिऊन फोफावलं, पण मोहराचा तुरा म्हणून नाही.

केवळाबाईंनी पदर ओला करून फुली पुसली. संध्याकाळी मास्तरांनी ती परत मारली. सकाळी म्हातारीने पुन्हा पुसली.

"आई, काय लहान पोरासारखं करून राहिलीस?" मास्तर वैतागले. "फळ नाही, फूल नाही. जिचं झाड तिला काही नाही, अन् तुला कशाचा कळवळा?"

केवळाबाईंना सांगता येईना. पंधरा वर्षं त्यांनी सुनेला धारेवर धरलं होतं. आमटीत मीठ जास्त झालं की, "परक्या घरची पोर, तिला काय आमच्या घरची चव!" सण विसरला की, "परक्या घरची, तिला काय आमची रीत!" ते परकं घर जमिनीत गेलं तरी म्हातारीच्या जिभेची सवय गेली नव्हती. बोलून झालं की स्वतःचीच लाज वाटायची, पण सुनेपुढं तसं कबूल करायचं म्हणजे जिवावर यायचं. त्यापेक्षा झाडाला पाणी घालणं सोपं होतं. म्हणून त्या रोज दोन घागरी घालत.

शेवटी त्यांना गावाकडची रीत आठवली. झाड फळत नसलं की मालकाने कुऱ्हाड घेऊन जायचं आणि म्हणायचं, आता तोडतो तुला. तेवढ्यात दुसऱ्या घरच्या माणसाने पुढं होऊन हात धरायचा, "राहू द्या, पुढच्या साली फळ देईल, मी जामीन." एकदा जामीन राहिला की वर्षभर त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. झाड भिऊन फळतं म्हणतात. फळो न फळो, वर्ष तर मिळतं.

केवळाबाईंनी व्यंकटरावांना गाठलं. "मंगळवारी सकाळी तेवढं यायचं बघा. घरचं माणूस चालत न्हाई."

"हाव मावशी, आलोच समजा," व्यंकटराव म्हणाले.

मंगळवारी औशाकडचा मारोती लाकूडतोड्या आला. पेरू पडला, शेवगा पडला. आंब्यापाशी येऊन मात्र त्याने कुऱ्हाड मास्तरांपुढं धरली.

"आंब्यावर पयला घाव मालकाचा. आमचा बाप सांगून गेलाय."

मास्तरांनी कुऱ्हाड घेतली. केवळाबाई गल्लीच्या तोंडाकडं बघत होत्या. व्यंकटरावांचा पत्ता नव्हता. व्यंकटरावांच्या बायकोने भिंतीवरून सांगितलं, "ते तर पहाटंच स्टँडवर गेलेत. उदगीरच्या गाडीनं पोरं येणार हायेत म्हणं, दुसरं कुणी न्यायच्या आत गाठायला."

केवळाबाईंनी कपाळावर हात मारला. मग सरळ जाऊन झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"राहू दे शेषा. पुढच्या साली फळ देईल. म्या जामीन."

मास्तरही त्याच गावाकडचे, रीत त्यांना पाठ होती. त्यांना हसू आलं. "तू घरची मालकीण. तुझा जामीन चालतो होय? काय रे मारोती?"

"न्हाई चालत," मारोती अवघडून म्हणाला. "परक्या घरचं माणूस पायजे."

अकरा वर्षं जपलेलं झाड आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार, आणि आपण काही करू शकत नाही, हे त्यांना कळून चुकलं. मास्तरांनी हलकेच त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं.

"मी राहते जामीन."

स्वयंपाकघराच्या दारात शिवकन्या उभी होती, पिठाच्या हातांनी.

"तू?" मास्तर म्हणाले. "तू घरचीच की."

"मी कुठली घरची? पंधरा वर्षं आत्याबाई सांगून राहिल्यात, परक्या घरची म्हणून." ती पायऱ्या उतरून आली आणि तिने नवऱ्याचा हात धरला. पीठ कुऱ्हाडीच्या दांड्याला लागलं. "आता ते परकं घर म्हणजे हेवढंच झाड राहिलंय. राहू द्या. पुढच्या साली फळ देईल."

"मग फुली का मारलीस तू?"

"तुम्ही मारलेली बघवली नसती."

मारोतीने मास्तरांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि पोत्यात गुंडाळली. महादेवप्पा मिस्त्रीने दोरी सोडली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तीन खोल्या घेऊ. मधी अंगण राहील. पोरास्नी वाचायला सावली बी लागतीच."

मास्तरांनी वर फांद्यांकडं पाहिलं. "आणि पुढच्या साली नाही फळला तर?"

"तर जामीनदाराला धरा," शिवकन्या म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय?" एवढं बोलून ती बुंध्याशी खाली बसली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, बापाच्या आठवणीने हमसून हमसून रडली.

केवळाबाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिच्या हातांचं पीठ आपल्या पदराने पुसलं.

"बस तू हितंच," त्या म्हणाल्या. "भाकरी म्या थापते. मीठ कमी-जास्त झालं तर सांग, आपल्या घरात कुणाला कसं लागतं ते आता तुलाच ठावं."