सूचनेवर चिकटवलेली पाटी

मित्रांनो, शनिवार पेठेत श्यामलाकाकूंचं वधूवर सूचक मंडळ आहे. तिथला जुना कॉम्प्युटर तो मी. ‘जुना’ हे मी स्वतः म्हटलेलं चालतं, दुसऱ्या कोणी म्हटलं की मला राग येतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. स्वारगेटजवळच्या आपल्या दुकानात नासिरभाईंनी एकेक भाग पारखून मला जोडलं. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, पण जोडणी अशी पक्की की मला काकूंच्या टेबलावर ठेवताना ते छातीठोकपणे म्हणाले, “ताई, हा तुम्हाला दगा देणार नाही.” तो शब्द मी पाळला, असं आजही ताठ मानेने सांगतो.

माझ्या ऐन उमेदीत मंडळाची भरभराट झाली. कोणाची उंची, कोणाचा मंगळ, कोणाच्या अटी, सगळं माझ्या पोटात नीट लावलेलं असे. लग्न जमलं की पेढ्यांचा पुडा आधी माझ्यासमोर ठेवला जाई. पेढे अर्थात काकूच खायच्या. लोक जे सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत ते काकूंना सांगायचे, आणि काकू ते मला सांगायच्या.

राजनंदिनीचंही तसंच होतं. ती खराडीच्या एका कंपनीत नोकरी करते. तिचं पहिलं लग्न मोडलं, पण तो माणूस काही तिचा पिच्छा सोडेना. शेवटी ती कोणाला न सांगता वाघोलीला राहायला गेली. नाव नोंदवायला आली तेव्हा पत्ता सांगताना तिचा आवाज अडखळला. काकू म्हणाल्या, “अगं, इथली गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. सांग बिनधास्त.” तिने सांगितला, आणि मी तो जपून ठेवला.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. माझ्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्याशिवाय मी नुसता पत्र्याचा डबा. ती बनवणाऱ्यांचं तिच्यावर सतत लक्ष असे. चोरांना आत शिरायला एखादी नवी फट सापडली की ते दुरुस्ती पाठवत आणि मी ती मुकाट्याने बसवून घेई. एके दिवशी त्यांनी कळवलं की माझी आवृत्ती जुनी झाली, यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. नवी आवृत्ती माझ्या शरीराला झेपणारी नव्हती. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी होतो तसाच धडधाकट होतो, फक्त माझी पाठ राखणारं कोणी उरलं नव्हतं.

ती सूचना रोज माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात झळकू लागली. काकूंनी नासिरभाईंना फोन लावला.

“ताई, नवा घ्या,” नासिरभाई म्हणाले. “नाहीतर याचं इंटरनेट तरी काढा.”

“चांगला चालतोय की! चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?”

“चालतोय हो. पण दार उघडं राहिलंय ना त्याचं.”

काकूंनी फोन ठेवला. मग त्यांनी कोणाही पुणेकराने केलं असतं तेच केलं. एका सूचनेवर दुसरी सूचना लावली. कागदाची पट्टी कापली, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘ही सूचना रोज येते. दुर्लक्ष करावे. हुकुमावरून.’ आणि पट्टी बरोब्बर त्या कोपऱ्यावर चिकटवली. कोणाच्या हुकुमावरून, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

मंडळाचा एक शिरस्ता आहे. आलेलं स्थळ उघडून बघितल्याशिवाय बाजूला सारायचं नाही. काकूंच्या सासूबाईंपासूनची ती रीत. असंच एक स्थळ ईमेलने आलं. मुलगा परदेशात, निर्व्यसनी, सोबत फोटो आणि पत्रिका. काकूंनी फाइल उघडली, पण काही दिसेना. “लाजतोय वाटतं मुलगा,” म्हणत त्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. तो मुलगा नव्हताच. स्थळाच्या रूपाने चोर आत शिरला होता. तो माझ्या फायली चाळत होता आणि मला साधं ओरडताही येत नव्हतं. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजनंदिनी धापा टाकत आली.

“काकू, मंडळाच्या नावाने मला ईमेल आलाय, सोबत फाइल आहे. मी उघडली नाही. तुम्ही पाठवलाय?”

“मी? नाही बाई.”

तिची नजर माझ्यावरच्या पट्टीवर गेली. तिने ती ओढून काढली, खालची सूचना वाचली आणि माझी इंटरनेटची वायर उपसली. मग ती काकूंकडे वळली.

“काकू, माझा पत्ता यातच आहे ना?”

काकूंनी घाईघाईने नासिरभाईंना फोन लावला. आपल्या शब्दाची किंमत काय राहिली, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

नासिरभाई तातडीने आले. त्यांनी मला उघडून तपासलं. चोराने काकूंच्या ईमेलच्या यादीतल्या सगळ्यांना मंडळाच्या नावाने ईमेल धाडले होते. फायलीही तो एकेक करून बाहेर पाठवत होता, पण माझा वेग इतका कमी की त्याच्या हाती थोडीच स्थळं लागली होती. राजनंदिनीची फाइल अजून बाहेर गेली नव्हती. माझ्या रडतखडत चालण्यावर आजवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं होतं. त्या दिवशी नासिरभाईंनी माझ्या डब्यावर थाप मारली.

काकूंनी मात्र सुटकेचा सुस्कारा टाकून विषय संपवला नाही. ज्यांच्या फायली गेल्या त्या प्रत्येक घरी त्यांनी स्वतः फोन केला. बाकीच्यांनाही मंडळाच्या नावाने आलेली फाइल उघडू नका म्हणून बजावलं. “चूक माझी आहे. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही,” असं त्या दर वेळी म्हणाल्या. काहींनी खरमरीत ऐकवलं. काकूंनी ते उलट उत्तर न देता ऐकून घेतलं. त्यांना ओळखणाऱ्यांना हे सांगूनही पटणार नाही.

आज शेजारच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आलाय. मला एखाद्या शाळेला द्यावं, असं काकूंच्या मनात होतं. नासिरभाई म्हणाले, “डबा द्या खुशाल. पण डिस्क नाही. तिच्यात लोकांची घरं आहेत.” काकूंचे डोळे भरून आले, तरी त्यांनी होकारार्थी मान डोलावली. आता नासिरभाई ड्रिल लावून माझ्या डिस्कला आरपार भोकं पाडतील. मला भीती वाटत नाही, मित्रांनो. मी जी गुपितं सांभाळली, ती माझ्याबरोबरच संपावीत, यातच माझी शान आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याच्या कोपऱ्यातली सूचना झाकू नका. त्याला बोलता येत नाही, एवढंच सांगता येतं.

राजनंदिनी दारात उभी आहे. ती आपलं नाव काढून घ्यायला आली असावी, असं समजून काकूंनी मान खाली घातली.

“काकू, नव्यावर माझी माहिती पुन्हा भरायची ना?” तिने खुर्ची ओढली. “घ्या लिहून. पत्ता मीच सांगते.”

नासिरभाई, आता चालवा ड्रिल.